शेवटचा पाव फेरा

मारुती ८००चं बॉनेट उघडलं की बहुतेकांची नजर आधी इंजिनावर जाते. माझी जाते मागच्या दोन कोपऱ्यांकडे. तिथे मडगार्डच्या आतल्या अंगाला पत्र्याचा एक गोल उंचवटा असतो. त्याच्या मधोमध एक मोठा नट आणि भोवती लहान नट. एरवी तिथे धूळ आणि तेलकट चिकटा साचलेला असतो, कोकणात राहिलेली गाडी असेल तर तपकिरी गंजही. पण पुढचं चाक रस्त्यावरून जे जे सोसतं, ते सगळं याच गोलातून बॉडीत शिरतं. खड्डा, गतिरोधक, घाटातलं वळण, अचानक लावलेला ब्रेक, सगळंच. जुनी गाडी अजून किती इमानदार आहे हे मला आधी याच जागी कळतं.

आमची गाडी १९९७ सालची. तिची पहिली बरीच वर्षं रत्नागिरीकडे खाऱ्या वाऱ्यात गेली, मग ती आंबा घाट चढून कोल्हापूरला आली. पंधरा वर्षं उलटली की आरटीओत नोंदणीचं नूतनीकरण करून घ्यायचं, पर्यावरण कर भरायचा, हेही आता अंगवळणी पडलंय. लोक विचारतात, का ठेवलीय? मला या गाडीचा प्रत्येक नट हाताला लागतो, म्हणून ठेवलीय. तिच्यात असं फार थोडं आहे की जे खोलून, पुसून, पुन्हा बसवता येत नाही. १०, १२, १४ आणि १७चा पाना जवळ असला की बरीचशी गाडी खुलते. जी वस्तू पुन्हा पुन्हा खोलता यावी अशी बनवलीय, ती नीट बसवणं ही आपली जबाबदारी आहे, असं मला मनापासून वाटतं. हे सगळ्यात जास्त लागू पडतं ते पुढच्या स्ट्रटला.

स्ट्रट म्हणजे तो उभा खांब. खाली चाकाच्या नकलला (चाक ज्यावर बसतं त्या लोखंडी भागाला) बोल्टांनी धरलेला, वर बॉडीच्या पत्र्याला. मध्ये शॉकअप, त्याच्याभोवती स्प्रिंग. ही रचना अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन अभियंत्याच्या नावाने ओळखली जाते. दुसरं महायुद्ध संपत आलं तेव्हा तो जनरल मोटर्समध्ये शेव्हरोले कॅडेट नावाच्या एका लहान, स्वस्त गाडीवर काम करत होता. ती गाडी कधी बाजारात आलीच नाही. १९४७ मध्ये प्रकल्प गुंडाळला गेला आणि मॅकफर्सन फोर्डकडे गेला. १९५० मध्ये इंग्लंडच्या फोर्डने कॉन्सल आणि झेफिर या गाड्या दाखवल्या, त्यांच्या पुढच्या चाकांना हे स्ट्रट होते. तिथून पुढे जगभरच्या लहान गाड्यांनी ही मांडणी उचलली.

आपल्याकडे तोवर गॅरेजवाल्यांचे हात वेगळ्याच गाड्यांवर बसलेले होते. अॅम्बॅसेडरला पुढे टॉर्शन बार, म्हणजे पीळ खाऊन स्प्रिंगचं काम करणारी दांडी. पद्मिनीला वरखाली दोन आर्म आणि मध्ये कॉइल स्प्रिंग. दोन्ही गाड्या अंगाने भक्कम आणि सुटे भाग भरपूर. १४ डिसेंबर १९८३ ला गुडगावात पहिल्या मारुतीच्या किल्ल्या दिल्या गेल्या आणि पुढच्या काही वर्षांत गल्लोगल्लीच्या मिस्त्रींसमोर मॅकफर्सन स्ट्रट येऊन उभा राहिला. जानेवारी २०१४ मध्ये ८००चं उत्पादन थांबलं, तोवर पंचवीस लाखांहून जास्त गाड्या बनल्या होत्या. इतक्या गाड्यांचे पुढचे खांब कुणीतरी कधी ना कधी खोलले आणि आवळले असणार.

या मांडणीचं मोठं गुपित म्हणजे काटकसर. वरचा आर्म काढून टाकला. शॉकअपलाच चाक सरळ धरायचं काम दिलं. स्टिअरिंग फिरवलं की खांबही सोबत फिरतो, म्हणजे स्टिअरिंगचा आसही त्याच्यातूनच जातो. चार भागांची कामं एकाने उचलली. त्यामुळे गाडी हलकी झाली, स्वस्त झाली, आडव्या इंजिनाला जागा मिळाली. पण भाग कमी झाले तशी प्रत्येक बोल्टावरची जोखीम वाढली. पद्मिनीत एखादा बोल्ट थोडा कुरकुरला तरी बाकीची मंडळी सांभाळून घेत. इथे खाली नकलला धरणारे दोन बोल्ट ढिले झाले तर चाकाचा उभा कोन सांभाळायला दुसरं कुणी नाही.

आता हे दोन बोल्ट धरतात कसे? पुष्कळांना वाटतं, बोल्ट आडवा घातलाय, म्हणजे चाकाचा धक्का तो आपल्या अंगावर झेलत असणार. तसं नसतं. नीट आवळलेला बोल्ट ताणला जातो. ताण फार मोठा नसतो, लांबी वाढते ती जेमतेम केसाच्या जाडीइतकी. पण तो ताणलेला बोल्ट परत आखडू पाहतो आणि त्या ओढीने स्ट्रटचे पाखे (खालच्या टोकाचे पत्र्याचे दोन कान) नकलवर दाबून धरतो. १२ मिलिमीटरचा, डोक्यावर ८.८ ही मजबुतीची ग्रेड कोरलेला बोल्ट स्वच्छ आट्यांवर ८५ न्यूटन-मीटरच्या (हे पिळण्याच्या जोराचं माप) आसपास आवळला, तर साधारण साडेतीन टनांची पकड मिळते. दोघांची मिळून सात टन. अख्खी मारुती साडेसहाशे किलोच्या आसपास. धक्का झेलतं ते या दाबातून आलेलं घर्षण, बोल्टाचं अंग नाही. (हे आकडे त्या मापाच्या बोल्टांचे सर्वसाधारण आहेत. आपल्या गाडीचा नेमका आकडा तिच्या सर्व्हिस मॅन्युअलमधूनच घ्यावा.)

पकड कमी पडली की गोष्ट उलटते. पाखं नकलवर सरकायला लागतं, बोल्ट प्रत्येक खड्ड्यात वाकतो आणि सरळ होतो, भोक हळूहळू अंडाकृती होतं. रिव्हर्स घेऊन पुढे निघताना पहिला ब्रेक लावला की खालून 'टक्' असा एक आवाज येतो. एकच. पुन्हा रिव्हर्स घेईपर्यंत येत नाही. अशा आवाजाकडे कुणी दुर्लक्ष करू नये. लोअर आर्मचा (चाकाला खालून धरणाऱ्या आडव्या दांड्याचा) रबरी बुश असेल, स्ट्रटचा बोल्ट असेल, पण काहीतरी आपल्या जागेवरून सरकून पुन्हा जागेवर बसतंय. असं वाकून वाकून दमलेला बोल्टच एक दिवस तुटतो. मग लोक म्हणतात, बोल्ट हलका होता.

यावर सरसकट उपाय म्हणजे दणकून आवळणे. पान्याला पाईप लावायचा आणि अंगाचा भार टाकायचा. नाहीतर हवेची गन लावायची आणि ती थांबेपर्यंत घोडा दाबून धरायचा. मला हे दोन्ही पटत नाही. कोल्हापूरच्या उद्यमनगरात आमचे एक मिस्त्री आहेत, पाईप कधी लावत नाहीत. त्यांचं सांगणं असं, की पाना बनवणाऱ्याने लांबी उगीच ठरवलेली नाही. १२चा पाना आखूड असतो, १७चा लांब. जपानी मापात १२चा पाना ८ मिलिमीटरच्या बोल्टाला लागतो, १७चा १२ मिलिमीटरच्या. पाना लहान तर जोरही लहान लागावा, अशीच ती मापं असतात. लहान नटाला २५ न्यूटन-मीटर पुरतात. वीस सेंटिमीटरच्या पान्याच्या टोकाला साधारण साडेबारा किलोचा ओढा. मनगटाचं काम आहे ते, खांद्याचं नाही. मिस्त्रींचं आवळणं मी माझ्या टॉर्क पान्याने, म्हणजे ठरवलेला जोर आला की 'कट्' वाजणाऱ्या पान्याने, तपासून पाहिलंय. ते आकड्याच्या आसपासच येतं.

मात्र एका गोष्टीपुढे मिस्त्रींचा हातही फसतो आणि टॉर्क पानाही, ती म्हणजे गंज. पान्यावर आपण जेवढा जोर लावतो त्यातला साधारण दहावा हिस्साच बोल्ट ताणायला मिळतो. निम्मा नटाच्या बुडाशी घासण्यात जातो, उरलेला आट्यांत. आणि हे हिशेब स्वच्छ आट्यांचे. आट्यांत गंज असेल, नटाच्या बुडाशी रंगाची खपली किंवा वाळू असेल, तर घासण्यात जाणारा हिस्सा वाढतो आणि पकडीच्या वाट्याला फारच थोडं उरतं. पाना 'कट्' करून सांगतो की झालं, हाताला लागतं की घट्ट आहे, आणि आत बोल्ट अर्धाही ताणलेला नसतो. उलट आट्यांना सढळ हाताने ग्रीस फासलं की तोच आकडा बोल्टाला गरजेपेक्षा बराच जास्त ताणतो. म्हणून जुन्या गाडीच्या कामात मी टॉर्क पान्यापेक्षा तारेच्या ब्रशला वरचं स्थान देतो. बोल्ट आधी रॉकेलमध्ये भिजवायचा, घासायचा, फडक्याने कोरडा करायचा. नकलचा आणि स्ट्रटच्या पाख्याचा एकमेकांना टेकणारा भाग धातू दिसेपर्यंत साफ करायचा. तिथे रंग मारायचा नाही. मध्ये रंगाचा थर राहिला तर काही दिवसांत तो चेपतो आणि तेवढा ताण उतरतो. बोल्टाचे आटे बारीक झाले असतील, अंग ताणून एका जागी बारीक होऊन मान पडली असेल, तर बोल्ट नवा घ्यायचा, तोही त्याच ग्रेडचा. आत नायलॉनची कडी असलेला नट एकदा काढला की त्याची धरून ठेवायची ताकद कमी होते, तो पुन्हा वापरू नये. हा सगळा खर्च एका वेळच्या पेट्रोलपेक्षाही कमी आहे.

गंजाचा आणखी एक विषय आहे, आणि तो गंभीर आहे. वरचा तो पत्र्याचा गोल. मारुतीला वेगळी चासी नाही, पत्र्याची बॉडीच सगळं धरते. समुद्राकाठच्या गाडीत मडगार्डच्या आत चिखल साचून तो गोल खालून खाल्ला जातो. वरून रंग शाबूत दिसतो. नवा शॉकअप आणायच्या आधी चाक काढून, आत हात घालून, स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने तिथे ठोकून पाहावं. खणखणीत आवाज आला तर ठीक. भसका आवाज आला, पत्रा खवल्यांनी सुटायला लागला, तर नट आवळून काही होणार नाही, आधी वेल्डिंगवाल्याकडे. नट कितीही नवा असो, तो ज्याला धरतो ते उरलंच नसेल तर काय उपयोग? कोकणातली जुनी गाडी विकत घेणाऱ्या प्रत्येकाने इंजिनाचा आवाज ऐकायच्या आधी इथे ठोकून पाहावं, असं मी आवर्जून सांगतो.

मधल्या मोठ्या नटाबद्दल एवढंच. स्प्रिंग दाबणारं अवजार स्प्रिंगला लावल्याशिवाय तो सोडायचा नाही. दाबलेली स्प्रिंग त्या एका नटाने अडवलेली असते. काही ठिकाणी दोरीने किंवा तारेने स्प्रिंग बांधून काम उरकतात, त्यात माणसं जखमी झालीत. आवळताना त्याला हवेची गनही लावू नये. शॉकअपचा दांडा आत गरगर फिरतो आणि सील दुखावतं. दांड्याचं टोक धरून ठेवायचं आणि नट हाताने आवळायचा. शक्यतो हे सगळं टेबलावरच आटपावं.

बसवायची पद्धत मला स्वयंपाकघरातल्या कामाइतकी शांतपणे करायला आवडते. गाडी घोड्यांवर, म्हणजे लोखंडी टेकूंवर, नुसत्या जॅकवर कधीच नाही. स्ट्रट वर सरकवायचा, वरचे नट बोटांनी चढवायचे. गॅरेजमधला पोरगा गोटी पाना लावायला धावतो तेव्हा मिस्त्री त्याला थांबवतात, "आधी हातानं फिरव की. आटं धरल्यात का बघ, मग पाना लाव." नकल ब्रेकच्या नळीवर लोंबकळत नाही ना ते बघायचं, तारेने बांधून ठेवायची. मग खालचे दोन बोल्ट, ज्या बाजूने निघाले त्याच बाजूने घालायचे.

इथे एक बारीक मुद्दा आहे. भोक आणि बोल्ट यांच्यात थोडी मोकळी जागा असते. दोन बोल्टांत ६० मिलिमीटर अंतर धरलं, तर वरच्या बोल्टाशी नकल एक मिलिमीटर आतबाहेर झाली की चाकाचा उभा कोन, कॅम्बर, जवळजवळ एक अंशाने बदलतो. एक अंश म्हणजे टायरची एक कड आधी झिजायला पुरेसा. म्हणून खोलायच्या आधी पाखं आणि नकल यांच्यावर टोचणीने आडवी-उभी रेघ ओढून ठेवायची आणि बसवताना रेघेला रेघ जुळवायची. दोन्ही चाकांना नकल एकाच दिशेला, म्हणजे दोन्हीकडे आत किंवा दोन्हीकडे बाहेर, रेटून आवळलं तर निदान डावी-उजवी बाजू सारखी राहते. चाकांचं अलाइनमेंट त्यानंतर करायचंच आहे, पण अलाइनमेंटवाल्याच्या यंत्रावर गाडी साधारण बरोबर पोचली तर त्याचं काम नेमकं होतं.

आणि मग ते काम, ज्यासाठी खरं तर हा लेख लिहायला घेतला. स्ट्रट काढताना लोअर आर्मचा आतला बोल्ट सोडावा लागला असेल, तर तो गाडी लटकत असताना आवळायचा नाही. त्या जागी रबराचा बुश असतो. बुशाच्या आत लोखंडी नळी, बोल्ट आवळला की नळी कंसात घट्ट पकडली जाते आणि हलत नाही. चाक वरखाली होताना आर्म फिरतो तो रबर पिळून. म्हणजे ज्या स्थितीत बोल्ट आवळला, ती रबराची विश्रांतीची जागा ठरते. घोड्यांवरच्या गाडीचं चाक चांगलंच खाली लोंबतं. तिथे आवळलं की गाडी जमिनीवर आल्या क्षणापासून रबर पिळलेलं राहतं. उभ्या गाडीतही, रात्रीही. त्यावर प्रत्येक खड्ड्याचा पीळ वेगळा. नवा बुश लवकर फाटतो, गाडी पुढून किंचित उंच किंवा ताठर वाटते, आणि मालक म्हणतो की हल्लीचे सुटे भागच वाईट. भाग वाईट असतीलही. पण कितीतरी बुश असे लटकत्या गाडीत आवळल्यामुळे वेळेआधी गेलेत, असं माझं ठाम मत आहे.

म्हणून क्रम असा. सगळं हाताने बसवायचं, स्ट्रटचे नट-बोल्ट आवळून घ्यायचे, बुशाचा बोल्ट मात्र ढिला ठेवायचा. चाक लावायचं, गाडी खाली उतरवायची. बॉनेटवर दोन्ही हातांनी भार देऊन पुढची बाजू वरखाली करायची, गाडी चार पावलं पुढे-मागे ढकलायची, म्हणजे चाकं सावकाश आपल्या जागी येतात. मग तो आवळायचा. मिस्त्रींचे शब्द, "तिला तिच्या पायावर उभी राहू दे, मग दाब."

इथे जुन्या गॅरेजातला खड्डा कामाला येतो. नव्या, चकचकीत वर्कशॉपमध्ये दोन खांबांची लिफ्ट असते, गाडी बॉडीला धरून उचलते, चाकं लोंबतात. तिथल्या पोरांना शिकवूनही हे काम तसं अवघडच. उद्यमनगरातल्या त्या काळवंडलेल्या, तेलाने मऊ झालेल्या खड्ड्यावर गाडी स्वतःच्या चाकांवर उभी असते आणि मिस्त्री तिच्या पोटाखाली ताठ उभे राहून पाना चालवतात. नवे गाळे बांधताना खड्डे बुजवले जातायत, त्याचं मला वाईट वाटतं. जागेचा भाव मला कळतो, पण जुन्या गाड्यांच्या कामाची एक चांगली सोय त्याबरोबर जाते. खड्डा नसेल तर दुसरी वाट आहे. घोडी जागेवर ठेवून, लोअर आर्मच्या बाहेरच्या टोकाखाली जॅक लावायचा आणि त्या कोपऱ्याची बॉडी घोडीवरून सुटते न सुटते इथवर उचलायचं. चाकावर जवळजवळ तेवढाच भार येतो. हे करताना गाडीखाली शिरायचं नाही, बाजूला बसून हात पोचेल तेवढंच करायचं.

आवळणंही एका दमात करत नाही मी. आधी सगळे नट टेकवायचे, मग समोरासमोरचे निम्म्या जोराने, मग पूर्ण. शेवटचा पाव फेरा सावकाश, पाना न झटकता. याच पाव फेऱ्यात बोल्ट खरा ताणला जातो. हाताला ते कळतं. आधी नट फिरताना घासतो, मग एका जागी त्याचा विरोध एकसारखा चढत जातो. तो एकसारखा चढला पाहिजे. मध्येच सैल पडला तर आटे जातायत किंवा बोल्ट कायमचा लांबतोय. मध्येच एकदम अडला तर आट्यांत काही अडकलंय. दोन्ही वेळा थांबून उलटं फिरवायचं. गनला हे कळत नाही, म्हणून या नटांचा शेवट मी गनवर सोडत नाही.

सगळं झाल्यावर प्रत्येक नटावरून शेजारच्या लोखंडावर जाईल अशी पांढऱ्या रंगाची एक रेघ मी ओढतो. काही आठवडे गाडी चालली, एखादा घाट झाला, की चाकापाशी बसून टॉर्चने रेघा बघायच्या. जुळलेली असेल तर नटाला हात लावायचं कारण नाही. रेघ तुटून सरकलेली दिसली, तर माझं आग्रहाचं सांगणं आहे की नुसतं पुन्हा आवळून मोकळे होऊ नका. नट आपणहून फिरत नाही. खाली काहीतरी सरकतंय, नाहीतर चेपलंय. रंगाचा थर राहिला असेल, भोक अंडाकृती झालं असेल, बोल्ट लांबला असेल, वरचा पत्रा दबला असेल. बोल्ट काढा, पाखं बाजूला करा, दोन्ही पृष्ठभाग बघा आणि कारण सापडलं की मगच बोल्ट परत घाला.